मोडका स्टड आणि तीन देशांचे आटे

मागे एकदा घरातल्या माणसांत शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या गप्पा चालल्या होत्या. त्यात "स्टड मोडला आणि आठ दिवस पाणी बंद राहिले" असे वाक्य माझ्या तोंडून गेले. त्यावर पुण्यातल्या नातीने विचारले, "आजोबा, स्टड म्हणजे कानात घालतात तो ना?" सगळे हसले. पण मला वाटले, तिचे काय चुकले? पंपाचे बटण मोबाइलवरून दाबणाऱ्या पिढीला इंजिनाचा स्टड कुठून माहीत असणार? म्हणून हा लेख. विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

स्टड म्हणजे डोके नसलेला बोल्ट. त्याच्या दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक इंजिनाच्या बिडाच्या अंगात घट्ट बसवलेले असते, दुसरे वर निघालेले असते. त्या उभ्या दांड्यांवर इंजिनाचे हेड बसवायचे आणि वरून नट आवळायचे. मग साधा बोल्टच का नाही वापरत? कारण बीड ठिसूळ असते. दर वेळी हेड उतरवताना बोल्ट फिरवून काढला, तर बिडातले आटे झिजतात, आणि बिडातले आटे गेले की इंजिनाचे अंगच वाया जाते. स्टड असला तर झीज होते ती नटाची, आणि नट चार आण्यांचा. म्हणजे स्टड ही इंजिनाचा जीव वाचवण्यासाठी केलेली योजना आहे. त्याने एकदा बसायचे आणि जागा सोडायची नाही. म्हणूनच तो मोडला किंवा गंजून धरून बसला की काढणे महाकठीण होते.

मी शाळेत पस्तीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात जेम्स वॅट असतो, आगगाडी असते, गिरण्या असतात. यंत्र कोणी बनवले हे पुस्तकात असते. ते यंत्र हजारो मैलांवरच्या एखाद्या खेड्यात मोडल्यावर पुढे काय झाले, हे मात्र कुठल्याच धड्यात नसते. माझ्या मते आपल्या वऱ्हाडाचा यंत्रयुगाचा खरा इतिहास त्या "पुढे काय झाले" यातच आहे. मोडक्या स्टडच्या निमित्ताने तो थोडासा सांगतो.

मळसूत्र आपल्याकडे नवे नव्हते. सरकी काढायच्या जुन्या लाकडी चरखीत दोन लाटा एकमेकींच्या उलट फिराव्यात म्हणून लाकडात मळसूत्री दाते कोरलेले असत. ही युक्ती भारतात सहा-सातशे वर्षे तरी जुनी आहे. पण ते सुताराचे मळसूत्र. एका चरखीचे दुसरीला लागायचे नाही आणि लागायची गरजही नव्हती. लोखंड लोखंडाला जोडायचे तर रिव्हेट ठोकायची किंवा पाचर मारायची. बैलगाडी, नांगर, वखर, मोट, कशातही नट-बोल्टाचे काम पडत नसे.

ते काम आणले कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्याच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यातून गेली. १८७० साली जलंबहून खामगावचा फाटा सुरू झाला. खामगावची कापसाची बाजारपेठ देशभर नावाजली. पाठोपाठ जिन आणि प्रेस आले, वाफेची इंजिने आली. मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम गावातल्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची यंत्रे हिंदुस्थानात येऊ लागली. या सगळ्या यंत्रांत नट, बोल्ट आणि स्टड शेकड्यांनी होते.

आता योगायोग पाहा. याच मँचेस्टरमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने १८३३ साली आपला कारखाना काढला होता. तोपर्यंत इंग्लंडमध्येसुद्धा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागत नसे. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची मापे घेतली, मध्यम प्रमाण काढले आणि १८४१ साली सगळ्यांसाठी एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे हे ठरलेले. हळूहळू सगळ्या इंग्लंडने ती उचलली. आपला कापूस मँचेस्टरच्या बाजूला गेला आणि मँचेस्टरचे आटे आपल्याकडे आले. ते आजतागायत पुरते गेलेले नाहीत. आमच्याकडचा मिस्त्री अजूनही "चार सुती बोल्ट द्या" म्हणतो. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. चार सुती म्हणजे अर्धा इंच. सरकारने १९५६ साली दशमान मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला, पण हार्डवेअरच्या दुकानातले सूत काही हलले नाही.

विहिरीवरचे इंजिन मात्र पुढच्या शतकातले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तिथे १९२६ साली सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन बनवले होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला आणि पुढच्या काळात "किर्लोस्कर" हा शब्द आमच्याकडे इंजिनालाच नाव म्हणून चिकटला. इंग्लंडहून आलेली लिस्टरसारखी संथ, जड इंजिने होतीच, शिवाय राजकोटकडे त्यांच्या धर्तीवर बनलेलीही येऊ लागली. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरींची कामे वाढली. वीज सगळ्या शिवारांत पोचली नव्हती. कोणी भूविकास बँकेचे कर्ज काढून, कोणी बायकोचे दागिने गहाण ठेवून इंजिन घेतले. मोटेचे बैल सुटले आणि शिवारात इंजिनाची टकटक सुरू झाली.

या इंजिनांचा स्टड धरून का बसतो ते आता सांगतो. विहिरीवरच्या पुष्कळ इंजिनांत थंड ठेवण्याची सोय अगदी साधी असे. पंपाने उपसलेल्या पाण्याचीच एक नळी इंजिनाच्या अंगातून फिरवायची आणि ते गरम पाणी परत पाटात सोडायचे. खर्च शून्य. पण पाणी विहिरीचे, त्यात क्षार. आपल्या जिल्ह्याचा उत्तरेचा भाग, शेगाव-संग्रामपूरकडचा, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथले भूजल इतके खारट की बहुतेक ठिकाणी पिकाला चालत नाही. पट्ट्याच्या कडेच्या गावांत जिथे ते कसेबसे चालायचे, तिथे तेच पाणी इंजिनातूनही फिरायचे. हेडाच्या पॅकिंगमधून ते थेंब थेंब झिरपते आणि स्टडच्या आट्यांत शिरते. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांत तर केसाएवढीही जागा नसते. मग तो गंज पाचरीसारखा दाबून बसतो. त्यात इंजिन रोज तापते, रोज थंड होते. चार-पाच वर्षांनी हेड उतरवायची वेळ येते, मिस्त्री नटाला पाना लावतो, आणि नट सुटण्याऐवजी स्टडच पिळवटून कटकन तुटतो. कधी वर बोटभर शिल्लक ठेवून, कधी अगदी बिडाच्या पातळीला.

दुसरे कारण आट्यांच्या भाऊबंदकीचे. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली वेगळी पद्धत मांडली, कोन ६० अंशांचा. ती बनवायला सोपी म्हणून अमेरिकेत रुजली. युरोपात मिलिमीटरचे आटे आले, कोन ६० अंशांचाच पण मापे निराळी. दुसऱ्या महायुद्धात याचा फार त्रास झाला. रोल्स-रॉईसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन अमेरिकेत बनवायचे ठरले, तेव्हा पॅकार्ड कंपनीला इंग्रजी आट्यांचे टॅप आणि डाय स्वतः तयार करावे लागले. शेवटी १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बसून एक सामाईक पद्धत ठरवली.

हे भांडण विमानांपुरते होते असे समजू नका. ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या टिनाच्या शेडमध्येही होते. विहिरीवरचे जुने इंजिन इंग्रजी वळणाचे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जोडलेली विलीज जीप अमेरिकन. टाटांचा १९५४ पासूनचा मर्सिडीज ट्रक जर्मन. तिन्ही दुरुस्तीला एकाच मिस्त्रीकडे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टाला इंचात १२ आटे, तेवढ्याच जाडीच्या अमेरिकन बोल्टाला १३. डोळ्याला फरक दिसत नाही. नट दोन-तीन फेरे सुखाने जातो आणि मग अडकतो. अनाडी माणूस पाना लावून जोर देतो, नट तिरपा चढतो आणि बसतो. तो परत काढताना स्टड मोडणार हे ठरलेलेच. आमच्या मिस्त्रींकडे एका खिळ्याला टांगलेले तीन जुने बोल्ट असत. कुठलाही नट आला की आधी तिन्हींवर फिरवून पाहायचे आणि मगच बोलायचे. पृथ्वीवरच्या तीन पद्धती त्या एका खिळ्याला लटकत होत्या!

हे मिस्त्री सातवी शिकलेले. वडील खामगावच्या एका जिनात फिटरच्या हाताखाली होते, तिथे त्यांनी काम पाहिले. त्यांना मी "काका" म्हणत असे आणि ते मला वयाने लहान असूनही "गुरुजी". शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन बसे. मोडका स्टड काढायची त्यांची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे. ती पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी म्हणजे काहीच न करणे. तुटलेल्या जागेभोवती पिठाचा किंवा मातीचा आळे करायचे, त्यात रॉकेल ओतायचे आणि रात्रभर सोडायचे. पातळ तेल केसाएवढ्या फटीतून आपोआप आत चढते. अधूनमधून स्टडच्या डोक्यावर हलका ठोका द्यायचा, जोराचा नाही. ठोक्याने गंजाची पकड तडकते आणि तेलाला वाट मिळते. शेतकरी बाहेर घाईला आलेला असे. गहू ओंबीवर, पाणी बंद. काका त्याला चहा पाजत आणि म्हणत, "लोखंड रुसलं का त्याले दम द्या लागते भाऊ. जबरदस्ती केली का तुटते."

दुसरी पायरी, वर आटे शिल्लक असतील तर दोन नट एकावर एक चढवून एकमेकांवर आवळायचे. ते एकमेकांना धरून बसतात. मग खालच्या नटाला पाना लावून उलटे फिरवायचे की सगळा स्टड फिरतो. पण एकदम नाही. पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल. तेवढ्याने आट्यांतला गंज कुटला जातो. नुसते सैलच करत गेले तर तोच भुगा पुढे साचून स्टड पुन्हा अडकतो.

तिसरी पायरी उष्णतेची. स्टडभोवतीचे बीड तापवायचे. इथे थोडे गणित मांडतो, शिक्षकाची सवय जात नाही. बारा मिलिमीटरच्या भोकाभोवतीचे बीड २०० अंशांनी तापले तर भोक मिलिमीटरच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढे मोठे होते. दिसायला काहीच नाही, पण गंजाची मिठी सुटायला ते पुरते. मात्र स्टडही तेवढाच तापला तर तोही फुगतो आणि फायदा जातो. म्हणून आच भराभर आणि बाजूला द्यायची. तीही बेताने, कारण बीड एका जागी फार तापले किंवा त्यावर पाणी पडले तर तडकते. काका गरम स्टडला मेणबत्ती टेकवत. मेण वितळून आट्यांत ओढले जाई. आता मिळणाऱ्या फवाऱ्याच्या डब्यांपेक्षा ते कमी नव्हते.

चौथी पायरी वीज आल्यावरची. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झाले. पुढे तालुक्याच्या गावांत वेल्डिंगची दुकाने निघाली आणि या कामात मोठा बदल झाला. स्टड बिडाच्या पातळीला तुटला असेल तर त्यावर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोघांना एकजीव करायचे. पकडायला डोके मिळते आणि वेल्डिंगच्या आचेने गंजही तडकतो. साधे वेल्डिंग बिडाला नीट धरत नाही, हा एरवीचा दोष इथे उपयोगी पडतो.

एवढ्यानेही नाही निघाला तर शेवटचा उपाय ड्रिलचा. कानस मारून तुटलेले तोंड सपाट करायचे, बरोबर मध्यावर पंच मारायचा, आधी बारीक आणि मग वाढते भोक पाडायचे. मध्य साधला तर शेवटी स्टडची नुसती पातळ नळी उरते. ती टोकदार अवजाराने आत दाबली की आट्यांची तार सुटावी तशी निघून येते आणि बिडातले मूळचे आटे जसेच्या तसे उघडे पडतात. ते पाहणे हा खरोखर आनंद असे. मध्य चुकला तर भोक मोठे करायचे, पाच सुती आटे पाडायचे आणि लेथवर खास स्टड बनवून घ्यायचा, खालून पाच सुती आणि वरून चार सुती.

या कामासाठी उलट्या आट्यांचे निमुळते अवजारही मिळते, इझी आउट म्हणतात. भोकात घालून उलटे फिरवले की ते रुतत जाते आणि स्टडला घेऊन बाहेर येते. काका त्याला हात लावत नसत. ते अवजार कडक पोलादाचे. आत मोडले तर त्यावर ड्रिल चालत नाही, आणि मग दुखण्यापेक्षा औषध भारी. ही अडचण जगभरची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, आत मोडून बसलेले टॅप आणि ड्रिल विजेच्या ठिणग्यांनी जाळून काढायचे यंत्र बनले. त्याच सुमारास, १९४३ साली, रशियात लाझारेंको पतीपत्नींनी ठिणगीने धातू कोरायची पद्धत शोधली. आज मोठमोठे साचे ज्या स्पार्क इरोजनने कोरतात, त्याच्या कुळकथेत मोडलेल्या टॅपचाही वाटा आहे. अडलेले काढता काढता नवीन विद्या निघाली म्हणायची.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगतो. वरच्या पायऱ्या वाचून कोणाला वाटेल, यात काय विशेष? विशेष हा, की यातले एक अक्षरही काकांनी कुठे वाचले नव्हते. इंजिनासोबत येणाऱ्या पुस्तकात हेड कसे बसवायचे ते असे. खाऱ्या पाण्याने सहा वर्षे गंजलेला स्टड कसा काढायचा ते नसे. १९५० पासून देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, आयटीआय निघाल्या आणि त्यांनी पुष्कळ मुलांना पोटाला लावले हे मान्यच आहे. पण आमच्या भागातली बहुतेक इंजिने जगवली ती अशा शेडमधल्या माणसांनी. कारखान्याने इंजिन पाच-दहा वर्षांच्या हिशेबाने दिले असेल, शेतकऱ्याने ते तीस वर्षे चालवले. मधली वीस वर्षे मिस्त्रीची. शेतकऱ्याला नवे अंग विकत घेणे परवडत नव्हते, म्हणून जुने अंग न दुखावता आतले मोडके काढणे ही विद्या तयार झाली. हरितक्रांतीच्या इतिहासात बियाणे येते, खत येते, धरणे येतात. या माणसांचे नाव कुठे येत नाही.

आमच्या समाजात याचे एक कारण आहे. नववीत नापास झालेल्या पोराला "जा आता गॅरेजमध्ये" म्हणायची पद्धत होती. शिक्षा म्हणून म्हणायचे. म्हणजे जिथे कोन, पिच, प्रसरण, धातूंचे स्वभाव हे सगळे रोज हाताने तपासावे लागते, ती जागा आपण नापासांची ठरवून टाकली. पुस्तकातले प्रसरण शिकणारा मुलगा आणि शेडमध्ये बीड तापवणारा मुलगा एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. भेटले असते तर ही विद्या मराठीत लिहिली गेली असती.

आता ती चालली आहे. शिवारात विजेच्या मोटारी आल्या, मग पाण्यात बुडालेले सबमर्सिबल पंप आले. २०१९ च्या कुसुम योजनेपासून सौर पंपही दिसू लागले. धूर गेला, डिझेलचा खर्च गेला, रात्री-अपरात्री हँडल मारताना मनगट मोडायची भीती गेली. हे चांगलेच झाले, त्यात रडण्यासारखे काही नाही. पण नवीन वस्तू उघडायलाच होऊ नये अशी बनवायची आणि बिघडली की बदलायची, ही सवयही सोबत आली आहे. मोडलेले बाहेर काढून जुने अंग वाचवता येते हे ज्यांनी हाताने पाहिले, अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. काका तर कधीच गेले. त्यांच्या मुलाने शेडच्या जागी मोबाइलचे दुकान घातले, ते बरे चालते. खिळ्याला टांगलेले ते तीन बोल्ट कुठे गेले कोणास ठाऊक.

असो. लेख लांबला. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी, नात्यात किंवा गावात असा जुना मिस्त्री असेल, तर एक वही घेऊन त्यांच्याजवळ दोन दुपारी बसा. कोणत्या इंजिनाला काय व्हायचे, कोणत्या गावच्या पाण्याने काय व्हायचे, कुठल्या अवजाराला ते काय म्हणत, सगळे लिहून घ्या. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते मी पाहतो. आणि तुमच्याकडे गंजलेला स्टड काढायची आणखी कोणती रीत होती तेही जरूर कळवा. खानदेशात आणि मराठवाड्यात नक्कीच वेगळी असणार.